एका दाण्यात सात विटा

सुरुंग चिमणी पाडत नाही.
प्रत्येक व्हिडिओत हे मी पहिल्याच वाक्यात सांगते,
पिवळं हेल्मेट घालून,
पडायची वस्तू पाठीमागे ठेवून.
सुरुंग पायाशी फक्त एक पाचर काढतो,
फळवाला कलिंगडाची काढून दाखवतो तशी.
पुढचं सगळं चिमणी स्वतः करते.
तिचीच उंची तिला खाली आणते.

ही तुर्भ्याची. बंद पडलेला रंगाचा कारखाना,
साठ मीटर, विटांची, एकाहत्तर साली बांधलेली.
कुरियनसाहेब दोन दिवस भोकं मोजत होते,
एखादं बटण तुटलंय का बघावं तशी.
निखतने तीन कॅमेरे लावले,
एक सेकंदाला हजार चित्रं घेणारा,
भाड्याचा, त्याला तिने स्वतःची ओढणी गुंडाळली, धुळीसाठी.

बॅरिकेडपाशी एक म्हातारे उभे. हिराजी मढवी.
हवालदार मागे सरा म्हणतोय, हे सरत नाहीत.
"यान माज्या पन इटा हान."

मला आयता माणूस मिळाला. कॉलरचा माइक चालूच होता.
म्हटलं, काका, तीन किलोची वीट
साठ मीटर वर नेली
की तिच्यात सतराशे चौसष्ट जूल साठतात.
तुम्ही ठेवलेले. पन्नास वर्षं कुणी काढले नाहीत.
आज निघतील.
"जूल म्हंजे कवरं?"
शेंगदाण्याचा एक दाणा खाल्ला,
तर त्यात सात विटा वर जातात. कागदावर.
ते हसले. मग हसायचे थांबले.
"एका दान्यान सात इटा?
मंग मना येवरी भूक कनाला लागाची?"

मी म्हटलं, शरीर तेवढं काटकसरी नसतं,
तीन हिस्से नुसती उष्णता होते, घाम.
"अन मी जो रोज चरलू, उतरलू, त्याचा?"

त्याचं शून्य येतं.
जिथून निघालो तिथे परत आलो,
तर गुरुत्वाकर्षणाच्या वहीत काहीच नोंद नाही.
हे मला पाठ आहे.
माइक चालू होता आणि मी ते बोलले नाही.

भोंगा. तीन, दोन.
हिराजींनी डोळे मिटले.

आता इथे चित्र थांबवून मी समजावते:
पडणारी चिमणी हवेतच का मोडते.
शेंड्याला सगळ्यांत लांबचा पल्ला,
नुसत्या वजनाने तो तेवढा वेगात येऊ शकत नाही,
खालच्या विटा त्याला ओढतात, चल, चल,
आणि चुना म्हणतो, माझ्याच्याने होणार नाही.
बघा, इथे. पाठीत वाकली.
ही भेग. हा आकाशाचा तुकडा, मधूनच दिसलेला.

आम्ही पाचशे मीटरवर होतो.
आवाजाला दीड सेकंद लागतो.
मग पारसिकच्या डोंगरावर आपटून आणखी एकदा, बारीक.

रात्री घणसोलीच्या खोलीत निखत म्हणाली,
आवाज मागे ओढते, चित्राला जुळवते,
नाहीतर लोकांना वाटेल बिघडलंय.
ओढला. मग माझ्या माइकवरचे तेही ओढले गेले,
स्फोटानंतर डोळे मिटून पुटपुटणारे हिराजी:
अजून नाय.
अजून नाय.
अजून नाय परली.
जुळवलं तर तिसऱ्या वेळी चिमणी खरंच हवेत असते.
न जुळवता ती जमिनीवर, धूळ खाडीकडे निघालेली,
आणि वर त्यांचा आवाज.

निखतने माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली. राहू दे जसं होतं तसं.

एक गोष्ट व्हिडिओत नाही.
धूळ बसल्यावर त्यांनी एक वीट मागितली.
कुरियनसाहेब म्हणाले, नियमात नाही, आणि दुसरीकडे बघू लागले.
पुतण्याच्या इमारतीपर्यंत मी स्कूटरवर सोडलं,
वीट मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर.
तिसरा मजला. लिफ्ट नाही.
मी घेते म्हटलं, दिली नाही.

नऊ मीटर. मी खाली उभी राहून गुणाकार केला.
दोनशे पासष्ट.
वर दार वाजल्याचा आवाज आला,
लगेचच.